रोजीरोटीचा अर्ज

पेपर वाचणारे घटले, पण 'पेपर वाचणारे घटले' असं सांगणारे लेख भरघोस वाढलेत. त्यांची कृती ठरलेली. आधी आजोबा, वाफाळता चहा आणि शाईचा वास. (शाईच्या वासासाठी कोणी महिन्याचं बिल भरल्याचं ऐकिवात नाही.) मग धास्ती : पेपर गेला की लोकशाही गेलीच समजा. डोळे पाणावले, छाती धडधडली, की आकडे.

आकड्यांची तर मौजच. इंडियन रीडरशिप सर्व्हेत 2017 साली देशात 40.7 कोटी पेपरवाचक होते, 2019 च्या पहिल्या तिमाहीत 42.5 कोटी. म्हणजे वाढलेच की! पण या हिशेबात महिन्याभरात एकदा पेपर चाळला तरी माणूस वाचक ठरतो. न्हाव्याकडे नंबर लागेपर्यंत पानं उलटणाराही त्यात आला. 'काल वाचलात का?' असं विचारलं की आकडा धाडकन खाली येतो. तो ठळक टाइपात मिरवलेला मी तरी पाहिला नाही. जाहिरातदाराला गर्दी दाखवायची आणि वाचकापुढे रिकामी झोळी धरायची, असा हा दुहेरी संसार.

अशी झोळी जबलपुरातही एकदा शिवून तयार होती. 'कर्मवीर' साप्ताहिक काढायचं ठरलं होतं. पाठीशी माधवराव सप्रे. टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे, आणि स्वतःचं 'छत्तीसगढ मित्र' पैशांअभावी तीनच वर्षांत मिटताना पाहिलेले. संपादक माखनलाल चतुर्वेदी. परवानगी मागायला निघालेल्या माखनलालांच्या हाती ज्येष्ठांनी एक अर्ज दिला होता, म्हणे : साप्ताहिक काढून रोजीरोटी कमवायची आहे, कृपा व्हावी. मिथाइस नावाच्या गोऱ्या मॅजिस्ट्रेटनं विचारलं, इंग्रजी साप्ताहिक असताना हिंदी कशाला? माखनलालांनी अर्ज खिशातच ठेवला. तुमचं इंग्रजी पत्र भित्रं आहे, म्हणाले. मला असं पत्र काढायचंय की ब्रिटिश राज्य चालता चालता थबकलं पाहिजे. साहेब इतका खूश झाला की अनामतही न घेता परवानगी दिली, असं सांगतात. जानेवारी 1920 मध्ये अंक निघाला.

आमच्या शोकलेखकांनी खिसा बदललाय. उत्तर आत, अर्ज बाहेर. कागद महागला, पोरं पेपर टाकायला मिळत नाहीत, आम्हाला वाचवा. वाचवायचं म्हणून पेपर उघडावा, तर पहिलं पान बिल्डरचं, दुसरंही बिल्डरचं, आणि बातमी सापडेपर्यंत चहा गार. मिथाइससाहेबाच्या खुर्चीत आता वाचक बसलाय. प्रश्न तोच : मोबाईल असताना पेपर कशाला?

आम्ही घसा खाकरून सांगतो, मोबाईलनं डोळे बिघडतात.