दोनशेपर्यंत

बँकेच्या व्हरांड्यात पेन्शनवाल्यांची रांग होती, बाहेर आषाढ धो धो कोसळत होता आणि काचेपलीकडून नेहमीची आकाशवाणी झाली, “लिंक नाही.”

आमचे बापूकाका रांगेत तिसरे. त्यांनी छत्री झटकली, मान वर करून छपरावरच्या पांढऱ्या तबकडीकडे पाहिलं आणि मला विचारलं, “लिंक आभाळातून येते ना रे? मग आभाळ आलं की जाते कशी?”

उपग्रहाच्या इंटरनेटवर पानंच्या पानं छापली जातात, पण मूळ प्रश्न एवढाच आहे. तबकडीवर येणाऱ्या लहरी असतात दोन-अडीच सेंटीमीटरच्या. कोकणातल्या पावसाचा पडदा आड आला की त्यातल्या काही विरतात, काही भलतीकडेच विखुरतात. त्यात बँकेचा हा उपग्रह बसलाय विषुववृत्तावर, सुमारे 36 हजार किलोमीटर उंच. काकांची शिल्लक विचारणारा प्रश्न वर जाणार, मुख्य केंद्रात उतरणार, उत्तर पुन्हा वर जाणार आणि मग आमच्या गावात पडणार. दीड हजाराच्या पेन्शनसाठी जवळजवळ दीड लाख किलोमीटरची वारी! प्रकाशालासुद्धा तिला अर्धा सेकंद लागतो. अशा जोडणीवर व्हिडिओ कॉल केला की दोघं एकदम बोलतात, मग दोघं एकदम गप्प बसतात. आमच्या घरात एरवीही तसंच चालतं, त्यामुळे उपग्रहाला मी फार दोष देत नाही.

आता म्हणे हा त्रास संपणार. स्टारलिंक कंपनीचे उपग्रह साधारण 550 किलोमीटरवरच फिरतात. म्हणजे मुंबईहून सावंतवाडी गाठून थोडं पुढे गेल्यासारखं, आणि तेही मुंबई-गोवा महामार्ग टाळून. त्यामुळे उत्तर पन्नासेक मिलिसेकंदांत येतं. 5 नोव्हेंबर 2025ला महाराष्ट्र सरकारने या कंपनीशी इरादापत्रावर सह्याही केल्या. त्यात गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि धाराशिव अशी नावं आहेत. आमच्या जिल्ह्याचं नाव नाही. आम्हाला आभाळ भरपूर आहे, असं सरकारचं मत असावं.

डिसेंबरात कंपनीच्या भारतीय संकेतस्थळावर दर झळकले: महिना 8,600 रुपये आणि यंत्राचे 34,000. बापूकाकांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. दुसऱ्या वाचनापर्यंत कंपनीचा खुलासा आला की ही चाचणीसाठी टाकलेली नकली माहिती होती, चुकून दिसली. काका म्हणाले, “खोटा भाव सांगायचा तर माणसं कमी सांगतात रे!”

दर नकली निघाले, तरी वेगाच्या आकड्याशी लढाई उरतेच. केंद्रीय दूरसंचार राज्यमंत्र्यांनी जुलै 2025मध्ये सांगितलं होतं की, स्टारलिंकला देशात 20 लाखच ग्राहक घेता येतील आणि वेग मिळेल 200 एमबीपीएसपर्यंत. यातला ‘200’ विसरा, ‘पर्यंत’ धरून ठेवा. शाळेत शब्दयोगी अव्ययं घोकताना मास्तरांनी हे सांगितलं नव्हतं, पण ‘पर्यंत’ आणि ‘पासून’ या दोन अव्ययांवर अख्खा दूरसंचार धंदा उभा आहे. दर अमुकपासून, वेग तमुकपर्यंत. कधी चुकून उलट छापलेलं पाहिलंय? शिवाय ते 200 मेगाबिट असतात. आठ बिटांची एक बाइट, म्हणजे सगळं सुरळीत असताना सेकंदाला 25 मेगाबाइट उतरणार. भात पायलीत न मोजता चिपट्यांत मोजलं की पीक भरघोस दिसतं, त्यातलाच प्रकार.

पुढचा घोळ पंगतीचा. उपग्रहाचा एक झोत ज्या टापूवर पडतो, तिथले सगळे ग्राहक एकाच पंगतीला बसतात आणि बासुंदीचं पातेलं मात्र एकच. दुपारी तुम्ही एकटेच पानावर असता, तेव्हा वाढपी आग्रह करून वाढतो. संध्याकाळी सातनंतर सगळं गाव मालिका आणि क्रिकेट घेऊन बसलं की त्याचा हात आखडतो. मग ‘प्राधान्य’ नावाचा प्लॅन घ्यायचा. ठरलेला डेटा संपेपर्यंत तुम्ही वरपक्षाकडचे, संपला की तुमचं पान शेवटच्या पंगतीला. आणि ‘अमर्याद’ असं लिहिलेलं असेल, तर तिथे डेटा संपत नाही, फक्त वेग संपतो.

विजेचं तर विचारूच नका. स्टारलिंकची तबकडी पन्नास-शंभर वॉट खाते. आमच्याकडे पहिल्या गडगडाटाला दिवे जातात. म्हणजे इन्व्हर्टर आला, त्याची बॅटरी आली, त्या बॅटरीत पाणी घालणारा माणूस आला.

हे सगळं सोसून मी तयार होतो. पण एक अट मागाहून कळली. हे खालचे उपग्रह एका जागी बसत नाहीत. दीड तासात पृथ्वीला फेरी मारतात. एक नजरेआड झाला की तबकडी दुसरा धरते. त्यामुळे तिला डोक्यावरचं बरंचसं आकाश मोकळं लागतं, झावळीसुद्धा आड आलेली चालत नाही.

तेव्हा वाचकहो, प्लॅन, दर, प्राधान्य वगैरे वाचण्याआधी आपल्या अंगणात एकदा उताणे पडा आणि आकाश किती दिसतं ते बघा. मी पडलो होतो. सात माड दिसले आणि एक फणस. माड माझे आहेत, त्यांचं काय ते बघता येईल. फणस बापूकाकांचा आहे.