सेटभाऊ

आमच्या तालुक्याच्या गावात प्रत्येक कामाला एक दाखला लागतो आणि प्रत्येक दाखल्याला एक भाऊ. आमच्या भाऊंचं खरं नाव मतदार यादीत असेलच. गाव त्यांना 'सेटभाऊ' म्हणतं. कचेरीसमोरच्या टपरीवर, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, खिशात दोन मोबाईल आणि हातात दुसऱ्याच्या पैशाचा चहा, असे ते सकाळी दहाच्या ठोक्याला हजर असतात. काम काहीही सांगा, उत्तर एकच : "सेट करतो."

भाऊंना इंग्रजी एवढंच येतं, पण त्यात त्यांचा अख्खा संसार मावतो. थोरला पुण्यात 'सेट झाला', धाकटा 'सेट'च्या परीक्षेला तिसऱ्यांदा बसलाय, लेकीच्या लग्नात सोन्याचा सेट घातला, वहिनी रुसल्या तर "होतील सेट संध्याकाळपर्यंत". उडप्याकडे खाणार तोही सेट डोसा. आणि हे सगळं बोलतात ते वरच्या दातांच्या सेटमधून. 'स' आला की तो सुटतो. भाऊ अंगठ्याने दाबून परत बसवतात. त्यांनी स्वतःच्या हाताने सेट केलेली मी पाहिलेली वस्तू ही एवढीच.

एकदा मी त्यांना सांगितलं, "भाऊ, ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ साली सगळ्यात लांबलचक नोंद तुमच्या 'सेट'ची होती. अर्थ ४३० च्या वर. पुढे 'रन'नं त्याला मागं टाकलं."

"रन म्हंजे पळणं ना? पळणाऱ्याचं काम होत नसतं. बसणाऱ्याचं होतं."

मी चाटच पडलो, कारण 'सेट' या क्रियापदाचा मूळ अर्थ 'बसवणे' असाच आहे. संस्कृतातल्या 'सद्' धातूशी त्याचं नातं आहे. म्हणजे सभासद, परिषद, संसद ही त्याची चुलत भावंडं. हे ऐकताच बशीत चहा ओतणारा भाऊंचा हात थांबला. "म्हंजे पार दिल्लीपर्यंत आपलेच पाव्हणे की!"

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा भावंडांची नावं चढवायची होती. वारसांचा अर्ज दिला, फेरफाराची नोटीस निघाली. भाऊ म्हणाले, "पंधरा दिवस द्या. सेट करतो." त्या पंधरा दिवसांत माझे चहा, भजी आणि त्यांच्या गाडीचं पेट्रोल असं बरंच काही सेट झालं. सतराव्या दिवशी नोंद मंजूर. भाऊंनी मला टपरीवरूनच हात उंचावून दाखवला, शतक ठोकल्यासारखा.

उतारा आणायला गेलो, तेव्हा भिंतीवरचा फलक पहिल्यांदा वाचला. हरकत घ्यायला कायद्यानंच पंधरा दिवस असतात. कुणाची हरकत नसली की नोंद मंजूर होते. बाहेर येऊन म्हटलं, "भाऊ, हे तर आपोआपच होणार होतं."

भाऊ जराही हलले नाहीत. "पण हरकत आली का कुणाची?"

"नाही."

"मग!" म्हणाले आणि अंगठ्याने दात दाबले.

तेव्हा मला भाऊंचा धंदा उमगला. विरजण लावलं की दही रात्रभरात लागतं. सिमेंटनं दहा तासांच्या आत घट्ट व्हावं असं मानकच आहे. पोरंही वय झालं की मार्गाला लागतात. जगातल्या बहुतेक गोष्टी आपापल्या वेळेला बसतात. भाऊ तेवढा वेळ शेजारी बसून राहतात, आणि बसल्याचं बिल आपण भरतो.

तेव्हा तुमचंही काम कुणी 'सेट' करत असेल, तर चहा जरूर पाजा. पण त्याआधी कचेरीच्या भिंतीवरचा फलक एकदा वाचा.