उभ्या उभ्या निदान

जुन्या गाडीच्या पुढच्या चाकातून येणारी खरखर मालकाच्या आधी ज्यांना ऐकू येते, असे एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतात. त्यांना सगळे काका म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही काकाच म्हणतात. निवृत्त असलंच पाहिजे असं नाही, फुरसत मात्र लागते. सकाळी मालकाला ऑफिसला नेमका उशीर झालेला असताना ते फाटकापाशी उभे असतात. गाडी वळते, ब्रेक लागतो, आवाज येतो आणि काका उजव्या हाताचा पंजा उभा करतात. चौकातल्या हवालदाराला न जुमानणारा माणूसही इथे थांबतो. मग काका काच खाली करायला लावतात, जरा पुढे घ्या म्हणतात, जरा मागे घ्या म्हणतात, डोळे मिटतात आणि सांगतात, “डिस्क गेली.” कधी “डिस्क वाकली”, तर कधी “डिस्क सैल झालीय”. या तिन्हींत त्यांच्या लेखी फारसा फरक नसतो. मालक अजून गाडीतून उतरलेला नसतो, चाकाला कोणी हात लावलेला नसतो, आणि रोगाचं नाव ठरून गेलेलं असतं.

काकांना अडाणी म्हणून निकालात काढणं सोपं आहे, पण ते खरं नाही. त्यांचं शिक्षण प्रीमियर पद्मिनीवर झालेलं असतं. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या त्या गाडीच्या चारही चाकांना ड्रम असायचे, आणि आत काय चाललंय ते ड्रम ठोकून बाहेर काढल्याशिवाय दिसत नसे. त्यामुळे ती पिढी कानांनी शिकली. लायनर संपून रिव्हेट घासायला लागले की एक आवाज, पाणी शिरलं की दुसरा, आणि हँडब्रेक तसाच ठेवून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेलं की आवाज नाही, नुसता वास. पुढे लहान गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम अशी वाटणी रूढ झाली. काकांनी कान तेच ठेवले. डिस्क तशी नवी चीज नव्हे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं, आणि १९५३ साली ल मांची चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वारने जिंकली. काकांच्या हिशेबात मात्र ती कालपरवा आलेली सून आहे, त्यामुळे घरात काहीही वाजलं तरी पहिला संशय तिच्यावर.

माझं म्हणणं एवढंच, की डिस्कचा आजार ज्या मापाचा असतो ते माप उभ्या माणसाला कानाने किंवा डोळ्याने कळण्यासारखं नाही, आणि काकांना उत्तर उभ्या उभ्याच द्यायचं असतं. ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली धडधडतं, दोष पुढच्या डिस्कचा असेल तर स्टिअरिंगही हातात थरथरतं. यालाच ‘डिस्क वाकली’ म्हणतात. पण ओतीव लोखंडाची ती जाड तबकडी सहसा वाकलेली नसते. हब आणि डिस्क यांच्यामध्ये गंजाचा एखादा पापुद्रा अडकलेला असतो, नाहीतर पंक्चर काढणाऱ्याने चाकाचे नट समोरासमोरचे न घेता एकाच बाजूने करकचून आवळत नेलेले असतात. डिस्क केसभर तिरकी बसते. केसभर म्हणजे अक्षरशः केसभर: साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पलीकडे डिस्क डगमगलेली गाडी बनवणाऱ्यांना चालत नाही, आणि माणसाच्या केसाची जाडीही तेवढ्यातच बसते. ताशी ८० किलोमीटरला लहान गाडीचं चाक सेकंदाला बारा-तेरा फेऱ्या घेतं. दर फेरीत डिस्कची तीच जागा पॅडला चाटून जाते, ब्रेक दाबलेला नसतानाही. काही हजार किलोमीटर असं झालं की ती जागा मिलिमीटरचा एखाद-दुसरा शंभरावा हिस्सा पातळ होते. मग ब्रेक लावला की पॅडखालून जाड, पातळ, जाड, पातळ असं सरकत राहतं आणि त्याची धडधड पायापर्यंत येते. कधी झीजही नसते. घाट उतरून तापलेल्या ब्रेकवर तसाच पाय दाबून टोलनाक्याच्या रांगेत उभं राहिलं, की पॅडचा मसाला डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि परिणाम तोच होतो. हे सगळं शोधायचं तर चाक काढून डायल गेज लावावा लागतो, आणि डिस्कची जाडी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजावी लागते. काकांची सगळी सामग्री म्हणजे मिटलेले डोळे.

काकांचा सर्वांत मोठा विजय ‘सैल’ या निदानात असतो. मालक शेवटी गॅरेजात जातो आणि काकाही सोबत जातात, कारण स्वतःचं म्हणणं खरं ठरताना पाहायला कोणाला आवडत नाही? चाक निघतं. काका पुढे होऊन डिस्कला दोन बोटांनी हलवतात आणि ती खडखड वाजते. “बघा! काय म्हटलं होतं मी?” गॅरेजातला पोरगा गप्प राहतो, त्याला अजून तीन गाड्या संपवायच्या असतात. त्याला माहीत असतं की बहुतेक लहान गाड्यांत डिस्क हबच्या स्टडांवर नुसती अडकवलेली असते. तिला जागेवर धरतं ते चाक: नट आवळले की चाक आणि हब यांच्या बेचक्यात ती घट्ट दाबली जाते. काही गाड्यांत एखादा छोटा स्क्रू असतो, तोही जोडताना डिस्क निसटू नये एवढ्यापुरता. तेव्हा चाक काढल्यावर डिस्क हलली तर त्यात नवल नाही. जुन्या गाडीत उलट ती हलतच नाही अशी तक्रार जास्त; गंजाने हबला अशी चिकटून बसते की डिस्कमधल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट फिरवून तिला ढकलून काढावं लागतं. कोकणातल्या गाड्यांचं काम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. डिस्क खरंच डगमगते का हे बघायचं, तर वॉशर घालून नट परत आवळायचे आणि मगच गेज टेकवायचा. (काही जुन्या गाड्यांत डिस्क हबला मागून बोल्टांनी जखडलेली असते. तिथे ती हाताने हलली तर काका शंभर टक्के बरोबर. पण तिथे ती सहसा हलत नाही आणि काकांची पंचाईत होते.)

यावर काकांचे चाहते म्हणतात, ते काहीही असो, काकांनी सांगितलं म्हणून डिस्क बदलली आणि आवाज गेला. गेला असणारच. डिस्क बदलायची म्हणजे चाक निघालं, कॅलिपर सुटला, त्याच्या अडकलेल्या पिनांना ग्रीस लागलं, पॅड नवे पडले, कारागीर बरा असेल तर हबचा गंज घासून निघाला, मागच्या पत्र्याच्या झाकणात अडकलेला खडा पडून गेला, वाकून डिस्कला घासणारा तोच पत्रा जाता जाता सरळ झाला, आणि शेवटी नट नीट समोरासमोरचे आवळले गेले. इतक्या औषधांत नेमकं कुठलं लागू पडलं हे कोणी पाहिलेलं नसतं, आणि श्रेय मात्र सगळं डिस्कला, म्हणजे काकांना. पावसाळ्याचं तर विचारूच नका. रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज धरलेला असतो, पहिले चार-पाच ब्रेक खरखरतात, गंज पुसला जातो आणि आवाज आपोआप थांबतो. काकांची निम्मी कीर्ती या चार-पाच ब्रेकांवर उभी आहे, कारण ते फाटकापाशी असतात आणि पहिला ब्रेक तिथेच लागतो. आणि हबवरचा गंज तसाच ठेवून नवी डिस्क चढवली, तर काही महिन्यांनी थरथर परत येते. तेव्हा काका निदान बदलत नाहीत, दुकानदार बदलायला सांगतात: “डुप्लिकेट माल घातला त्याने.” असं निदान खोटं ठरणार तरी कधी?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: मुरलेले मेकॅनिकही आवाजावरूनच ओळखतात की. ओळखतात, पण त्यांचे प्रश्न ऐका. आवाज ब्रेक दाबल्यावर येतो की सोडल्यावर? ब्रेकला पाय न लावताच गाडी थरथरत असेल तर ते आधी टायर आणि बॅलन्सिंगकडे वळतात. वळणावर घोंघावणं वाढत असेल तर बेअरिंगकडे. बारीक किरकिर ब्रेक हलका लावल्याबरोबर थांबत असेल तर पॅड संपत आल्याची वर्दी देणारी पट्टी घासतेय का ते बघतात. थोडं फिरून आल्यावर एकच चाक जास्त तापलेलं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर अडकलाय का, हे पाहतात. काकांचे प्रश्न निराळे. गाडी कितव्या हाताची? केवढ्याला पडली? पेट्रोल कुठल्या पंपावर भरता? मेकॅनिकचा कान त्याला कुठलं चाक आधी उघडायचं एवढं सांगतो, आणि मग तो चाक उघडतो. काकांचं काम कानापाशीच संपतं. दोघांच्या कानांत फारसा फरक असेल असं मला वाटत नाही. एकाच्या हातात पाना असतो.

आणि राहता राहिला तो भल्या माणसांचा आक्षेप, की यात कोणाचं नुकसान काय? सावध राहिलेलं बरंच. नव्या डिस्कच्या जोडीचे पैसे वाया गेले हे नुकसान मी धरत नाही. जुनी गाडी ठेवणाऱ्याला पैसे वाया घालवायची सवय असते, आणि पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा नोंदणी करून आलेला मालक तर काहीही सोसू शकतो. माझी काळजी वेगळी आहे. चालत्या गाडीत अशी अडकवलेली डिस्क खरोखर सैल व्हायची, तर त्याचं पहिलं संभाव्य कारण म्हणजे चाकाचेच नट ढिले झालेले असणं. हळू वेगात चाकाच्या तालावर टकटक येते, स्टिअरिंग कधी हलकं कधी जड लागतं. तेव्हा गाडी तिथेच बाजूला घेऊन डिकीतल्या पान्याने नट आवळून बघायचे असतात. काका नेमक्या याच वेळी शांत असतात. “डिस्क सैल आहे, घाबरायचं काही नाही, रविवारी टाका गॅरेजात.” तसंच डिस्कला काठापर्यंत गेलेली चीर, किंवा डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीच्या खाली गेलेली झीज. ही दोन्ही बदलायचीच प्रकरणं, पण ती चाक काढून बघावी लागतात आणि फाटकापर्यंत आवाज करतीलच असं नाही. म्हणजे जिथे गंजाचा पापुद्रा असतो तिथे काकांची फाशीची शिक्षा, आणि जिथे खरा गुन्हा असतो तिथे रविवारपर्यंत जामीन.

अलीकडे काकांना प्रतिस्पर्धी निर्माण झालाय. तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा स्टिअरिंगखालच्या खाचेत एक डबी खोचतो आणि फोनवर गाडीची कुंडली वाचतो. ती डबी इंजिनाचं, धुराचं बरंच काही सांगते. पण डिस्कची जाडी मोजणारा सेन्सरच या गाड्यांत नाही, तर ती सांगणार काय? फोनवर हिरवी खूण उमटते: कुठलाही दोष आढळला नाही. मुलगा फोन काकांपुढे धरतो. काका चष्मा कपाळावर सरकवून ती खूण नीट बघतात, मान डोलावतात आणि मालकाकडे वळून म्हणतात, “म्हणजे नक्की डिस्कच.”