वर्गणी काढून कोपनहेगन

कोपनहेगनला शाश्वत फॅशनची परिषद भरते. २००९ साली त्या शहरात जागतिक हवामान परिषद झाली, तिच्या निमित्ताने ही सुरू झाली आणि आता ‘ग्लोबल फॅशन समिट’ या नावाने ओळखली जाते. जगात कपडे फार झाले आहेत, हा तिथल्या चर्चेचा गाभा. समजा, आपल्याकडच्या एखाद्या फॅशन कॉलेजातल्या चौघांनी तिथे जायचे ठरवले आणि खिसे रिकामे आहेत. तर निधीसाठी त्यांना सुचणारी पहिली युक्ती म्हणजे टी-शर्ट छापून विकणे. टी-शर्ट कोरे करकरीत, वर मजकूर ‘कपडे कमी घ्या’. एका सुती टी-शर्टामागे २,७०० लिटर पाणी लागते, असा आकडा या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. त्या हिशेबाने दोनशे टी-शर्टांना दहा हजार लिटरचे चोपन्न टँकर झाले. मराठवाड्यातल्या एखाद्या वस्तीने मे महिन्यात एवढे मागितले, तर तलाठी आधी पाणी पिऊन येईल आणि मग उत्तर देईल. आकडा सरासरीचा आहे आणि विदर्भातला बराचसा कापूस पावसाच्याच भरवशावर वाढतो, हे खरे. पण एवढी सूट देऊनही टँकर काही शून्यावर येत नाहीत. तरीही मी या मुलांच्या बाजूने आहे. माझे म्हणणे इतकेच की या सगळ्या उद्योगात शिकण्यासारखा भाग परिषदेच्या आधीच, पैसे मागताना येतो. टी-शर्ट विकून तो टाळू नये.

आजीचा दाखला देणारे इथे लगेच हात वर करतात. आमच्या आजीने जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या, उरलेल्यावर बोहारणीशी तासभर हुज्जत घालून पातेले मिळवले. हे शिकायला डेन्मार्क कशाला? आक्षेप घेणाऱ्यांच्या अंगावर बहुधा सेलमध्ये दोनवर एक फुकट मिळालेला शर्ट असतो, पण ते सोडून देऊ. मुद्दा असा की आजीला पर्यावरणाची काळजी नव्हती, कापड महाग होते. कापड स्वस्त झाले आणि आजीच्याच लेकीसुनांनी गोधडी माळ्यावर टाकून गुबगुबीत ब्लँकेट आणले. त्यामुळे खरा प्रश्न कापड इतके स्वस्त झाले कसे, हा आहे आणि त्याचे उत्तर आजीच्या ट्रंकेत सापडणार नाही. ढाक्याजवळ सावर इथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी कामगारांना शिलाईवर बसवले गेले. आपला माल तिथे शिवला जात होता की नाही, हे काही ब्रँडांना ढिगाऱ्यातली लेबले पाहून शोधावे लागले. शिलाईच्या दराचा आणि त्या तड्यांचा संबंध काय, हे त्या ब्रँडांच्याच माणसांना विचारायचे, तर ती जिथे जमतात तिथे जावे लागते.

दुसरा आक्षेप विमानाचा, आणि तो खोडून काढता येत नाही. मुंबई ते कोपनहेगन सहा हजार किलोमीटरहून जास्त, आणि तेवढेच परत. ग्रेटा थुनबर्ग २०१९ साली शिडाच्या बोटीने अटलांटिक ओलांडून गेली. आपली मुले तशी निघाली तर एका परिषदेपायी दोन सत्रे बुडतील आणि हजेरीपटावर कारण म्हणून ‘वारा पडला’ असे लिहावे लागेल. मग पडद्यावर पाहा, असे म्हणतात. २०२० मध्ये करोनामुळे ही परिषद पडद्यावर भरलीही. पण पडद्यावर फक्त व्यासपीठ दिसते, चहाची रांग दिसत नाही, आणि कंपनीचा माणूस खरे बोललाच तर तो रांगेत बोलतो. १९३१ साली गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी वेळ काढून लँकेशायरला गेले. परदेशी कापडावरच्या बहिष्काराने तिथल्या गिरण्यांची कामे आणखी आटली होती. गिरणी कामगारांकडे खुलासा टपालाने पाठवता आला असता. गांधीजी पंचा नेसून त्यांच्यासमोर उभे राहिले, आणि गिरणीतल्या बायांनी त्यांच्याभोवती जल्लोष केला. जायला बोट होती, हे मात्र कबूल.

तिसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा असतो: दारोदार हात कशाला पसरता, एखादी कंपनी गाठा. कंपनी देईलही, आणि त्यातच गोम आहे. प्रायोजक एकच प्रश्न विचारतो, आमचा लोगो कुठे येणार? एक्कावन्न रुपये देणाऱ्या काकू मात्र सतरा प्रश्न विचारतात. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. इथे शिकायची सोय नाही का, एकटीच का जातेस, परत आल्यावर लोक वाळीत टाकतील त्याचे काय, असे सवाल त्यांना लोक करीत. फेब्रुवारी १८८३ मध्ये सेरामपूरला भर सभेत उभे राहून त्यांनी एकेका प्रश्नाला उत्तर दिले आणि त्यानंतर मदत येऊ लागली. त्यांच्यामागे कंपनी असती तर ते भाषण झालेच नसते. तेव्हा या मुलांनीही गणपतीच्या वर्गणीसारखे पावतीपुस्तक घेऊन जिने चढावेत. ‘माझी पॉलिएस्टरची साडी वीस वर्षे टिकलीय, ती चांगली की तुमची खादी?’ असे तिसऱ्या मजल्यावर कुणी विचारले की तोंडी परीक्षा सुरू झाली असे समजावे. प्रश्न अवघड आहे. परिषदेतल्या तज्ज्ञांचेही त्यावर एकमत होणे कठीण.

आणि विकायचेच असेल, तर दुरुस्ती विकावी. सोसायटीच्या गेटपाशी टेबल मांडून रफू, काज-बटण, फॉल-पिको, चेन बदलणे. अडचण एकच आहे, संगणकावर पॅटर्न काढणारी मुले जीन्सच्या चेनपुढे हात टेकतात. ते बाहेरच्यांना कळण्याआधी त्यांचे त्यांना कळलेले बरे. शेंगेन व्हिसाचे शुल्क ९० युरो आहे. युरो शंभर रुपयांचा धरला आणि चेनमागे पन्नास रुपये सुटले, तर नुसत्या व्हिसाला माणशी एकशे ऐंशी चेना बसवाव्या लागतात. व्हिसा नाकारला तर शुल्क परत मिळत नाही. चेना मात्र राहतात, त्या लोकांच्या उपयोगी पडतात.

परतल्यावर वर्गणीदारांना हिशेब द्यावा, हे ओघाने आलेच. अशा परिषदांतून बहुधा एक कापडी पिशवीही पदरात पडते. डेन्मार्कच्याच पर्यावरण खात्याने २०१८ साली पिशव्यांचा अभ्यास केला. प्लास्टिकच्या साध्या पिशवीशी सर्व निकषांवर बरोबरी करायची, तर सेंद्रिय कापसाची पिशवी वीस हजार वेळा वापरावी लागते, असे त्यात निघाले. एवढा मोठा आकडा ओझोनच्या निकषामुळे येतो; फक्त हवामानबदल धरला तर दीडशे वेळा पुरते. पण काकूंना सवलतीचा आकडा सांगू नये. ती पिशवी सरळ त्यांच्या हवाली करावी. त्या दिवसातून दोनदा, सकाळी दुधाला आणि संध्याकाळी भाजीला, घेऊन जातात; सत्तावीस वर्षांत फिटेल.