साइड लोअरची शाही आवृत्ती

लखनौमधल्या गोमती नगरच्या विशाल खंडात प्रशस्त बंगला बांधलेली मंडळीही आता ट्रॅव्हलर गाडीचं फिरतं घर करताना तिच्यात सहा फुटी पलंग कुठे बसेल, यावर खल करतात. पर्याय तीन. मागे आडवा, कायमचा पलंग: ऐटदार, पण आतल्याला रात्री उठायचं तर काठावरच्याला ओलांडावं लागतं. दोन बाजूंना दोन एकेरी पलंग: लग्नाला तीस वर्षं झालेल्यांना मनातून हाच हवा असतो, मागतात मात्र पहिला. तिसरा, जेवणाचं टेबल खाली सरकवून त्यावर गाद्या: म्हणजे एकाला झोप आली की सगळ्यांचं जेवण संपलं!

मुंबईहून पुष्पक एक्स्प्रेसने लखनौला येणाऱ्याला बैठकीचा पलंग करण्याची ही विद्या तिकिटातच मिळते. समोरासमोरच्या दोन सीटांचा साइड लोअर होतो, पाठीची फळी उचलली की मिडल. स्लीपरच्या डब्यात सत्तरहून अधिक जणांना निजवणाऱ्या रेल्वेने याला कधी 'लक्झरी' म्हटलं नाही.

लाखो रुपये मोजून तेच घ्यायचं, तर आधी गाडीत पाय पसरून झोपून बघा. आणि लखनौच्या मे महिन्यात, इंजिन बंद असताना, एसी रात्रभर चालेल का, तेही विचारा. विक्रेता पडद्यांचे रंग दाखवू लागला, तर उत्तर मिळालं.