बूड बघणारे नाना

आमच्याकडे जेवायला येणारी माणसं ताटात काय वाढलंय ते बघतात. नाना ताटाखाली काय छापलंय ते बघतात. एकदा आईने त्यांच्यापुढे चिनी मातीच्या वाटीत आमटी ठेवली. ती भात आणायला वळते न वळते तोच नानांनी वाटी चष्म्याच्या उंचीवर धरून तिचं बूड वाचायला घेतलं. आमटी बुशशर्टावर उतरली, पण त्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. "मेड इन जपान! म्हणजे 1921 नंतरची. त्याच्या आधी 'निप्पॉन' लिहायचे. अमेरिकेने तो शब्द बंद पाडला, तुझ्या आईला माहीत आहे का?" आईला एवढंच माहीत होतं की हळदीचा डाग जात नाही.

नाना आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. बँकेत सोनेतारण खात्यावर तीस वर्षं काढली. ज्यांचं कर्ज थकायचं त्यांचे दागिने लिलावात निघायचे आणि नाना कोपऱ्यात वही घेऊन बोली टिपायचे. बाधा झाली ती तिथे. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, नाना डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊ लागले. मोठ्या लिलावांच्या आधी दोन-चार दिवस वस्तू बघायला मांडलेल्या असतात. तिथे येणाऱ्याला कोणी अडवत नाही, गार हवा असते आणि कधी कधी कॉफीही मिळते. पायात झिजलेल्या चपला, खांद्याला शबनम आणि हातात भिंग अशा थाटात नाना शिरले, की पांढरे हातमोजे घातलेला तिथला मुलगा धावत येतो. अतिश्रीमंत माणसं अशीच दिसतात, असा त्याचा अनुभव असावा.

मग नाना त्याच्याकडून खुर्ची उलटी करून घेतात. कपाटाचा खण अख्खा बाहेर काढून मागची फळी ठोकून बघतात. ("पुढून सगळे शिसवी असतात रे, मागून देवदार निघतो." हे वाक्य ते माणसांबद्दलही वापरतात.) बिदरीचा हुक्का दिसला की तो काळा रंग बिदरच्या किल्ल्यातल्या मातीने आलाय की पॉलिशच्या ब्रशने, यावर त्या मुलाची तोंडी परीक्षा होते. अर्धा दिवस असा काढून नाना "विचार करतो" म्हणतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही बोली लावलेली नाही. विचार चालू आहे.

लिलाव झाला की त्यांचे शेरे दोनच: "फुकट गेलं" किंवा "वेडा झालाय". मधलं काही नाही. डिसेंबर 2013मध्ये क्रिस्टीजने भारतातला आपला पहिला लिलाव मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात केला आणि त्यात वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र 23.7 कोटी रुपयांना गेलं. तेव्हा नानांनी दोन्ही शेरे एकाच दिवशी मारले. सकाळी घेणारा वेडा होता. दुपारी त्यांना आठवलं की गायतोंडे गिरगावात चाळीत राहायचे. "आमचे मामा गिरगावात! एक जिना चढायचा अवकाश होता. चहा पाजून चित्र मिळालं असतं!" मामा उभ्या आयुष्यात चित्रांपैकी फक्त कॅलेंडर ओळखायचे, पण तेव्हापासून नाना त्यांच्या श्राद्धाला मनापासून जेवत नाहीत.

एप्रिल 2025मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली आणि महाराष्ट्र सरकारने ती मिळवली, तेव्हा मात्र नाना पेढे घेऊन आले. खर्च 47.15 लाख, वाहतूक आणि विमा धरून. "आणि प्रीमियम धरून," नाना बोट वर करून म्हणाले. हा त्यांचा आवडता धडा. हातोडा पडतो तो भाव खरा नव्हे. घेणाऱ्याने त्यावर आणखी शेकडा वीस-पंचवीस लिलाववाल्याच्या हातावर ठेवायचे, मग कर. काकूंनी, म्हणजे नानांच्या पत्नीने, हे ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे आपली भाजीवाली वर कोथिंबीर घालते, तिथे तुम्हीच तिला कोथिंबीर द्यायची." मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा हे जास्त सोपं होतं.

नानांचा उपद्रव खरा आमटीपुरता नाही. ते येऊन गेले की घरातली एक वस्तू कामातून उठते. आमच्या आजीचा पितळी अडकित्ता पन्नास वर्षं ओसरीवर पडलेला असायचा. कोणीही यावं, सुपारी कातरावी. नानांनी तो उचलला, मूठ पाहिली, खिळा पाहिला आणि एक आकडा उच्चारला. त्याच रात्री अडकित्ता मखमलीत गुंडाळून कपाटात गेला आणि बाबा पुडीतली सुपारी खायला लागले. शेजारच्यांचा लामणदिवा असाच विझला. समोरच्यांच्या पानाच्या डब्यात आता विम्याचे कागद असतात, त्याच डब्याच्या विम्याचे. नानांच्या कृपेने आमच्या इमारतीतली निम्मी भांडी पेन्शनीत निघाली आहेत.

देवसुद्धा सुटत नाहीत. तळमजल्यावरच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी आहे. आरती चालू असताना नानांनी ती खिळ्यावरून उतरवली आणि निरांजनाच्या उजेडात भिंग लावून ठिपके बघत बसले. ठिपके वेडेवाकडे असले तर दगडावरून छापलेली जुनी प्रत, शिस्तीत ओळीने उभे असले तर अलीकडची ऑफसेट. रविवर्म्याने 1894मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि एका जर्मन माणसाच्या हाती पडला, हे सगळं सांगून होईपर्यंत कापूर विझला. निकाल 'ऑफसेट' लागला. तळमजल्यावरच्या काकांनी लक्ष्मी परत टांगली खरी, पण त्या दिवसापासून नमस्कार जरा वरवरचा वाटतो.

माझ्या आजीलाही त्यांनी बिचकवलं. ती 97 वर्षांची आहे आणि नातू तिला न्यू जर्सीला न्यायच्या खटपटीत आहे. नाना म्हणाले, "लवकर न्या. 1972चा कायदा आहे, शंभरी ओलांडली की पुरावस्तू. मग देशाबाहेर काढता येत नाही." आजीला कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. "मग तीन वर्षं कळ काढते," ती म्हणाली. तिला कुठे जायचंय!

गंमत म्हणजे नानांच्या स्वतःच्या घरी उलटं करून बघावं असं काही नाही. सगळं स्टील. पाहुण्यांना ते शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात नेतात, दिव्यांपुढे आणि अडकित्त्यांपुढे उभं करतात. दिनकर केळकरांनी गावोगाव हिंडून वीस हजारांवर वस्तू जमवल्या आणि संग्रहालयाला लहानपणी गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं, हे सांगताना नानांचा आवाज खरोखर खाली येतो. मग लगेच खाकरून म्हणतात, "पण एक चुकलं. ते घेत गेले. घेतलं की बघणं संपतं." यावर काकू विचारतात, "आणि न घेतलेल्याचे पैसे कुठे आहेत?" ते डेक्कन क्वीनमध्ये आहेत.

परवा नाना आमच्याकडे बसले होते. बघण्यासारखं सगळं बघून झालं होतं, तेव्हा हाताला चाळा म्हणून त्यांनी टेबलावरचा चिवड्याचा स्टीलचा डबा उचलला आणि सवयीने उलटा केला. (झाकण घट्ट होतं, नशीब.) बुडावर ठिपक्यांनी कोरलं होतं: 'मामा-मामींकडून सप्रेम भेट, 12-5-83', आणि त्याखाली नानांचं आडनाव.

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भिंग काढलं. "तारीख आहे, देणारा आहे, मालक आहे. लंडनलासुद्धा इतके चोख कागद मिळत नाहीत. फक्त मधली काही वर्षं..." त्यांनी आईकडे पाहिलं. आईला आठवलं. काकूंनी कधीतरी त्यातून अळूवड्या पाठवल्या होत्या. 'कधीतरी' म्हणजे मी तेव्हा शाळेत होतो.

आईने काही न बोलता चिवडा परातीत काढला, डबा घासला, पुसला. पण रिकामा डबा परत द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून त्यात चार बेसनाचे लाडू घातले. नानांनी झाकण उघडून आत पाहिलं.

"हा बघ," ते मला म्हणाले, "प्रीमियम."