शिडी धरणारी

सिडनी,
15 जुलै 2022

ती. बाबांस,


व्हिडिओ कॉलवर मला नारिंगी कपड्यांत पाहून तुम्ही आईला हाक मारलीत, ‘अगं, पोरीनं संन्यास घेतला!’ तसं काही नाही. हा इथल्या स्टेट इमर्जन्सी सर्व्हिसचा गणवेश. 1955 साली हंटर खोऱ्यात महापूर आला, त्यानंतर न्यू साउथ वेल्समध्ये ही संघटना उभी राहिली. पूर-वादळात लोक 132 500 वर फोन लावतात आणि आम्ही जातो. पगार नाही. भत्ताही नाही. पाटबंधारे खात्यात जन्म काढलेल्या माणसाला हे पचणं अवघड, ठाऊक आहे मला.

मला वाटलं होतं, हेलिकॉप्टरखाली दोरीला लोंबकळायला मिळेल. मिळालं काय, तर फावडं. वाळूची पोती भरायची. मी आपलं पहिलंच पोतं शिगोशीग भरलं आणि वर सुतळीची पक्की गाठ मारली, गव्हाच्या पोत्याला आई मारते तशी. शिकवणारी बाई म्हणाली, ‘गाठ सुंदर आहे. आता सोड.’ पोतं दोन तृतीयांशच भरायचं, तोंड मोकळं ठेवून खाली मुडपायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत रचायचं. ठासून भरलेलं पोतं धोंड्यासारखं बसतं, शेजारच्याला चिकटत नाही आणि फटीतून पाणी घरात. सांगलीत इतके पूर पाहिले, पण हे काही आपल्याला माहीत नव्हतं हो.

छतावर चढायचा कोर्स वेगळा, करवत चालवायचा वेगळा, पुराच्या पाण्यात बोट न्यायचा त्याहून वेगळा. माझा यातला एकही झालेला नाही. म्हणून मी शिडी धरते. वर दोघं ताडपत्री अंथरतात, मी खाली मान वर करून उभी. परवा तीन तास उभी होते. घरमालकीण चहा घेऊन आली, पण शिडी सोडायची नाही, म्हणून तिनंच कप माझ्या तोंडाला लावला. बिनसाखरेचा. तरी प्यायले. घरी ह्यांना वाटतं, मी मोठी शूर. मी काही खुलासा केलेला नाही.

या महिन्यात इथली हॉक्सबरी नदी चढली. विंडसरला जवळजवळ 14 मीटर, म्हणजे तुमच्या हिशेबात 45 फुटांच्या वर. ‘शून्य कुठून धरलं?’ असं तुम्ही विचारणार. विचारून कळवते. सांगलीच्या आयर्विन पुलाच्या 45 फुटांशी लगेच ताडून पाहू नका.

आम्ही दारोदार फिरून घरं सोडायला सांगत होतो. एक आजोबा हटून बसले: मागच्या वर्षी पाणी तिसऱ्या पायरीवर थांबलं होतं, यंदाही थांबेल. बाबा, मला हसूच फुटलं. 2019 ला आयर्विनला 57 फूट झालं, तेव्हा पहिल्या दोन बोटी तुम्ही याच कारणासाठी परत पाठवल्या होत्यात. पायरीसुद्धा तिसरीच. मी आजोबांना म्हटलं, ‘माझ्या वडिलांचीही अशीच एक पायरी होती. नंतर ती कुठे होती ते शोधावं लागलं.’ ते थोडा वेळ बघत राहिले आणि चपला घालायला आत गेले.

तुम्ही डिसेंबरात याल तेव्हा लोणचं कमी आणा, पण पुराच्या पातळ्यांची ती वही नक्की आणा. इथल्या मंडळींना मी सांगून बसले आहे.

आईला नमस्कार.

तुमची,
बेबी